तीन मजली लढाई: पीएसपीवरील 'एलिट स्क्वाड्रन'

'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट: एलिट स्क्वाड्रन' हा खेळ २००९ च्या नोव्हेंबरात बाजारात आला आणि माझ्या हाती तो लागला मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात, म्हणजे सोनीच्या ज्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी तो बनवला होता त्याचे उत्पादन थांबूनही बरीच वर्षे उलटल्यानंतर. इतक्या जुन्या खेळाचे परीक्षण आता कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की गेले वर्षभर मी आणि माझा भाचा हा खेळ सातत्याने खेळत आलो आहोत, बेळगाव-खानापूर भागात जुने पीएसपी अजून दुकानांच्या मागच्या फळ्यांवर आणि घराघरांतल्या कपाटांत सापडतात, आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर जमिनीची व अवकाशाची लढाई एकाच डावात गुंफण्याचा इतका धीट प्रयत्न मी दुसरीकडे कोठे पाहिलेला नाही. या खेळात उणिवा आहेत, त्यांतल्या काही मोठ्या आहेत, आणि त्या मी लपवणार नाही. तरीही ज्याच्याकडे चालू स्थितीतला पीएसपी पडून असेल त्याने हा खेळ शोधून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळाचे मर्म एका डावाच्या रचनेत आहे, म्हणून तेच आधी सविस्तर सांगतो. मैदानात ठिकठिकाणी ठाणी असतात. ठाण्याजवळ पुरेसा वेळ तग धरून उभे राहिले की ते आपल्या बाजूला येते, आणि पडलेला सैनिक पुन्हा मैदानात येताना आपल्या ताब्यातल्या ठाण्यातून उतरतो. प्रत्येक पडलेल्या सैनिकामागे आपली राखीव कुमक घटत जाते आणि ती संपली की डाव हातचा जातो. इथपर्यंतची रीत पँडेमिक स्टुडिओजने २००४ मध्ये केलेल्या या मालिकेच्या पहिल्या खेळापासून चालत आलेली आहे. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या खेळात अवकाशातली लढाईही आली, परंतु ती वेगळ्या नकाशावरची, स्वतंत्र लढाई होती. जमिनीवर लढणाऱ्याला वरचे काही दिसत नसे आणि वर उडणाऱ्याला खालच्याचे काही देणेघेणे नसे. एलिट स्क्वाड्रनने या दोन लढायांमधली भिंत काढली. मैदानात उभ्या असलेल्या लढाऊ यानात बसून ते वर नेत गेले की एका क्षणी ग्रहाचे आकाश मागे पडते, एक छोटे चलदृश्य येते, आणि त्याच डावात, त्याच गुणफलकासह, आपण अवकाशात पोहोचलेलो असतो. तिथे शत्रूचे प्रचंड मुख्य जहाज संरक्षक कवच पांघरून उभे असते. हे कवच वरून यानाच्या माऱ्याने पाडता येते, आणि खाली जमिनीवरची आयन तोफ आपल्या ताब्यात असेल तर तिथूनही पाडता येते. कवच पडले की यान थेट जहाजाच्या हँगरमध्ये, म्हणजे याने ठेवण्याच्या दालनात, उतरवायचे, खाली उडी मारायची, आणि बोळाबोळांतून लढत जाऊन आतली यंत्रणा व शेवटी जहाजाचा गाभा उद्ध्वस्त करायचा. म्हणजे एकाच लढाईचे तीन मजले झाले: जमीन, अवकाश आणि जहाजाचे पोट.

हे तीन मजले नुसते एकावर एक रचलेले नाहीत. ते एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि माझ्या दृष्टीने या खेळाची सगळी किंमत या अवलंबनात आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर जो कोणी गेला असेल त्याला गडाची रचना वेगळी समजावून सांगायला नको. खालच्या पठारावर कितीही बळ असले तरी वरचा बालेकिल्ला हाती नसेल तर पठार टिकत नाही, आणि वरचा बालेकिल्ला कितीही बळकट असला तरी खालून रसद तुटली की तो फार दिवस उभा राहत नाही. या खेळातले मुख्य जहाज म्हणजे तो बालेकिल्ला, त्याचे कवच म्हणजे तट आणि हँगर म्हणजे दिंडी दरवाजा. खालची तोफ कोणाकडे आहे यावर वरचा तट उभा राहतो की पडतो हे ठरते. त्यामुळे खेळणाऱ्यापुढे सतत एक खराखुरा प्रश्न उभा असतो, आणि तो म्हणजे आत्ता या घडीला माझी गरज सर्वांत जास्त कोठे आहे. नेम चांगला असणाऱ्याला गोळीबाराचे खेळ पुष्कळ आहेत, परंतु हा प्रश्न इतक्या निकडीने विचारणारे खेळ थोडे आहेत.

एक डाव मला लक्षात राहिला आहे. बर्फाच्या मैदानावर आमची दोन सोडून सगळी ठाणी गेली होती आणि राखीव कुमक शत्रूच्या निम्म्यावर आली होती. मी हट्टाने तिसरे ठाणे परत मिळवण्यासाठी झुंजत होतो आणि पुन्हा पुन्हा पडत होतो, म्हणजे आहे ती कुमकही जाळत होतो. शेजारी बसलेला भाचा एकदम म्हणाला, "मामा, तू वर जा की. तोफ मी बघतो." मी ठाण्यामागचे यान घेतले आणि वर गेलो. तो एकटा तोफेकडे सरकला, दोनदा पडला आणि तिसऱ्यांदा पोहोचला. त्याने तोफ डागली तेव्हा मी शत्रूच्या जहाजाभोवती घिरट्या घालत होतो. कवच कोसळल्याची खूण पडद्यावर आली आणि मी हँगरमध्ये शिरलो. जहाज फुटले. तो डाव आम्ही शेवटी थोडक्यात हरलो, पण हरण्याच्या वाटेवरची लढाई एका योग्य निर्णयाने कशी उलटू लागते हे त्या दहा मिनिटांत जितके स्पष्ट दिसले तितके अनेक जिंकलेल्या डावांत दिसले नाही. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहाला बसले होते आणि खांद्यावरून पडदा पाहत होते. खेळण्यातले असले तरी वरचे आणि खालचे एकमेकांसाठी थांबतात हे बरोबर दाखवले आहे, एवढेच ते म्हणाले, आणि त्यांच्याकडून आलेला तो शेरा मला फार मोलाचा वाटला.

जमिनीवरून अवकाशात जाताना मध्ये जे चलदृश्य येते त्याबद्दल काही जण नाराज असतात, कारण त्यांना अखंड, एका दमात होणारे उड्डाण हवे असते. त्यांची अपेक्षा चुकीची नाही, पण यंत्राची कुवतही पाहिली पाहिजे. पीएसपीचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झने चालतो, पहिल्या नमुन्यात स्मृती फक्त ३२ एमबी होती आणि पुढच्या नमुन्यांत ती ६४ एमबी झाली. इतक्या जागेत बर्फाचे मैदान, त्यावरची वाहने, वरचे अवकाश आणि दोन जहाजांची अंतर्रचना एकाच वेळी मावणे शक्य नाही. एक मजला उतरवल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही. नाटकात फिरत्या रंगमंचावर प्रवेश बदलताना जसा क्षणभर अंधार करतात तसे हे चलदृश्य आहे, आणि बेळगावच्या नाट्यरसिकाला तो अंधार नाटकाचाच भाग वाटतो. माझ्या मते निर्मात्यांनी इथे योग्य तडजोड केली: उड्डाणाचा सलगपणा सोडला, परंतु लढाईचा सलगपणा राखला.

या कल्पनेमागे एक दुःखद इतिहासही आहे. मोठ्या यंत्रांसाठी बॅटलफ्रंट मालिकेचा तिसरा खेळ इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथील फ्री रॅडिकल डिझाइन या संस्थेकडे तयार होत होता आणि जमिनीवरून सरळ अवकाशात जाणे हाच त्याचा मुख्य विशेष होता. तो प्रकल्प २००८ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती संस्थाही आर्थिक अडचणीत सापडली. त्या अपुऱ्या राहिलेल्या खेळातली कथा आणि मूळ कल्पना यांचे धागे ऑक्सफर्डच्या रेबेलियन डेव्हलपमेंट्सने केलेल्या या छोट्या खेळात उतरले. ज्या कल्पनेला मोठा पडदा मिळाला नाही तिला ४.३ इंचांच्या, ४८० गुणिले २७२ ठिपक्यांच्या पडद्यावर घर मिळाले, ही गोष्ट मला खेळताना वारंवार आठवते आणि त्यामुळे या खेळाबद्दलचा माझा आदर वाढतो. निन्टेन्डो डीएससाठी याच नावाचा खेळ एन-स्पेस या दुसऱ्या संस्थेने केला होता. तो सर्वस्वी निराळा आहे, तेव्हा चकती घेताना ती पीएसपीची आहे याची खात्री करावी.

आता सर्वांत मोठ्या उणिवेकडे येतो. पीएसपीला डाव्या बाजूला एकच चपटी अॅनॉलॉग काठी आहे. गोळीबाराच्या खेळात एका हाताने चालायचे आणि दुसऱ्या हाताने पाहायचे असते, आणि त्यासाठी दोन काठ्या लागतात. इथे दुसरी काठी नसल्यामुळे चालणे, वळणे, नेम धरणे आणि बाजूला सरकणे ही सगळी कामे एका काठीवर आणि मोजक्या बटणांवर वाटून द्यावी लागतात. खेळाने यावर काढलेला तोडगा म्हणजे लक्ष्यावर नजर कुलूपबंद करणे: शत्रू समोर असताना बटण दाबून धरले की नेम त्याच्यावर खिळतो आणि आपण त्याच्याभोवती सरकत गोळ्या झाडू शकतो. मोकळ्या मैदानात, एकास एक अशा सामन्यात हा तोडगा चांगला चालतो. चार शत्रू एकाच वेळी अंगावर आले की मात्र नेम नको त्याच्यावर खिळतो, जवळचा सोडून दूरचा धरतो, आणि तो सोडवून दुसऱ्यावर नेईपर्यंत आपण पडलेलो असतो. जहाजाच्या अरुंद बोळांत याचा त्रास सर्वाधिक होतो, कारण तिथे कॅमेरा पाठीमागच्या भिंतीला टेकतो आणि वळण घेताना समोरचे काही क्षण दिसतच नाही. मी पहिल्या आठवड्यात या कारणामुळे खेळ बाजूला ठेवण्याच्या बेतात होतो.

त्यातून वाट सापडली ती सवयीने आणि खेळण्याची रीत बदलल्याने. टिपून नेम धरणाऱ्या बंदुकीचा नाद मी सोडला आणि स्फोटाचा पल्ला असलेली किंवा जलद झाडणारी शस्त्रे घेऊ लागलो. बोळात शिरण्यापूर्वी कोपऱ्यावर थांबून, कॅमेरा सरळ करून मगच पुढे जाऊ लागलो. आणि गर्दीत नेम कुलूपबंद करण्याऐवजी मागे सरकत शत्रूंना एका रांगेत यायला भाग पाडू लागलो. साधारण दहा-बारा तासांच्या खेळानंतर हात बसला. यान चालवताना मात्र ही अडचण जवळजवळ नाहीशी होते, कारण उडणाऱ्या यानाला एकच काठी पुरते: ती जिकडे वळवावी तिकडे नाक वळते आणि गोळ्याही तिकडेच जातात. म्हणून ज्याला जमिनीवर फार त्रास होत असेल त्याने पहिले काही डाव अवकाशातच घालवावेत आणि मग हळूहळू खाली यावे, असे मी सुचवीन. माझ्या भाच्याने नेमके उलट केले, आणि जमिनीवर तो आजही माझ्यापेक्षा चांगला आहे, हेही नमूद केले पाहिजे.

शस्त्रांची निवड हा या खेळाचा दुसरा आनंद आहे. मालिकेच्या आधीच्या खेळांत सैनिकांचे ठरलेले वर्ग असत. रेबेलियननेच २००७ मध्ये केलेल्या 'रेनेगेड स्क्वाड्रन'मध्ये ते मोडून खेळणाऱ्याच्या हाती १०० गुण दिले गेले आणि त्या गुणांतून शस्त्रे, वेग, जेटपॅक अशा गोष्टी ज्याच्या त्याने विकत घ्यायच्या, अशी पद्धत आली. एलिट स्क्वाड्रनने आपल्या पसंतीचा सैनिक घडवण्याची ही मोकळीक पुढे चालवली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरखर्चाचा हिशेब मांडताना जशी एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते तसाच हा व्यवहार असल्यामुळे प्रत्येक निवडीला वजन येते. भाचा जड तोफेवर खर्च करून सावकाश चालतो. मी हलके शस्त्र घेऊन धावतो, कारण मला यानापर्यंत लवकर पोहोचायचे असते. दोघांचे सैनिक इतके भिन्न असतात की पडद्यावर दुरून पाहूनही कोण कोण आहे ते ओळखता येते.

संगणकाच्या सैनिकांविषयी मात्र मला फारसे चांगले लिहिता येत नाही. ते धावतात, गोळ्या झाडतात, ठाण्याजवळ गर्दी करतात. परंतु लढाईचे तीन मजले त्यांना कळलेले नाहीत असे वाटते. कवच पडल्याचा फायदा घेऊन आपले साथीदार शत्रूच्या जहाजात घुसले आणि त्यांनी तो मजला जिंकून दिला, असे मी वर्षभरात क्वचितच पाहिले. एकट्याने खेळणाऱ्यालाच खाली तोफ घ्यावी लागते, यान शोधावे लागते, वर जावे लागते आणि जहाजही फोडावे लागते. यात दमछाकीचा एक थरार आहे हे खरे, पण खेळाने दिलेले वचन, म्हणजे वरच्याने खालच्यासाठी लढावे आणि खालच्याने वरच्यासाठी, हे एकट्याच्या डावात अर्धेच पाळले जाते.

कथेबद्दल थोडक्यात लिहिले तरी पुरे. एकाच मूळ पुरुषापासून क्लोन केलेले दोन भाऊ, एक्स वन आणि एक्स टू, साम्राज्याच्या उदयानंतर एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना जातात, आणि आपण एक्स टूच्या भूमिकेतून ते वैर शेवटापर्यंत नेतो. विषय चांगला आहे. भाऊबंदकीची गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटणार नाही. परंतु मोहीम लहान आहे, आणि तिच्यातल्या कामगिऱ्या खेळणाऱ्याला इतक्या घट्ट दोरीने ओढत नेतात की 'आता कोठे जावे' हा जो खेळाचा मूळ प्रश्न, तो विचारायला सवडच राहत नाही: इथे जा, हे उडव, आता यानात बस, आता परत ये. नवीन खेळाडू साहजिकच कथेपासून सुरुवात करतो, तीत त्याला एक साधारण गोळीबाराचा खेळ दिसतो, आणि इन्स्टंट अॅक्शन या कथेविना सुटे डाव खेळण्याच्या प्रकारातली खरी तीन मजली लढाई पाहण्याआधीच तो चकती परत ठेवून देतो. माझ्या ओळखीच्या दोघांचे नेमके असे झाले. गॅलॅक्टिक काँक्वेस्ट नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात आकाशगंगेच्या नकाशावर पाळीपाळीने सैन्य हलवायचे आणि ग्रह जिंकायचे असतात. बुद्धिबळाची आवड असलेल्याला तो भावेल, पण माझे मन त्यात फार रमले नाही.

खेळातला मजकूर आणि संवाद इंग्रजीत आहेत. आमच्या भागातली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वावरत असल्यामुळे भाच्याला त्याचे काही वाटले नाही. शिवाय डावात वाचण्यासारखे फार थोडे असते. खुणा आणि रंग यांवरून ठाणे कोणाचे, तोफ कोणाकडे, कवच आहे की नाही, हे समजते. मारामारी असली तरी रक्त दिसत नाही, त्यामुळे शाळकरी मुलाच्या हाती देताना मला संकोच वाटला नाही.

हा खेळ खऱ्या अर्थाने खुलतो तो दोन पीएसपी शेजारी ठेवून खेळल्यावर. पूर्वी इंटरनेटवरून एका वेळी १६ जणांना खेळता येत असे. ते अधिकृत सर्व्हर केव्हाच बंद झाले. पण पीएसपीमध्ये अॅड-हॉक नावाची सोय आहे, जिच्यामुळे दोन यंत्रे आपापल्या वाय-फायने एकमेकांशी थेट जोडली जातात. त्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, मोबाइलचा टॉवरही लागत नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या बाजूला, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कसा असतो हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. लाईट जाते, मागोमाग मोबाइलची रेंज जाते, आणि संध्याकाळी सहालाच घरात अंधार पडतो. माझ्या बहिणीचे घर त्या रस्त्यावर आहे. गेल्या ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस असे गेले. त्या काळात घरातले सगळे फोन निरुपयोगी झाले होते आणि ही दोन जुनी यंत्रे, एकमेकांपासून चार हातांवर, आपले जाळे आपणच विणून चालत होती. त्याच तीन दिवसांत हा खेळ मला पुरता समजला, कारण वर असताना खाली कोणी विश्वासाचे असणे म्हणजे काय, हे संगणकाच्या सैनिकांनी कधी जाणवू दिले नव्हते. दोघांकडे स्वतंत्र चकती असावी, ही एक अट मात्र आम्ही आधीच पुरी केली होती. तसेच दोन्ही यंत्रांच्या सेटिंगमध्ये अॅड-हॉकचा चॅनेल एकच ठेवावा. आमची पहिली संध्याकाळ एवढ्या एका गोष्टीपायी वाया गेली होती.

बॅटरीविषयी सावध राहायला हवे. पीएसपीच्या पहिल्या नमुन्यात १८०० मिलिअॅम्पिअर तासांची बॅटरी होती, तर २००० आणि ३००० या सडपातळ नमुन्यांत १२०० ची. नवी असताना ती किती तास चालत असे याला आता अर्थ नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्या जुन्या असतात. अवकाशातली लढाई, वाय-फाय चालू आणि चकती सतत फिरती, अशा स्थितीत माझी बॅटरी पावणेदोन तासांत उतरते. २००० आणि ३००० हे नमुने यूएसबीच्या तारेनेही चार्ज होतात, म्हणून आम्ही फोनसाठी घेतलेली पॉवरबँक त्यांना लावतो आणि पावसाळ्यात तिचा फार आधार होतो. पडद्याच्या बाबतीत मी ३००० ला पसंती देईन. आधीच्या नमुन्यांत काळ्या पार्श्वभूमीवरून वेगाने जाणाऱ्या वस्तूमागे सावलीसारखी फरपट राहते, आणि अवकाश काळेच असल्याने वळणाऱ्या यानामागची ती फरपट डोळ्यांना जाणवते. ३००० मध्ये ती पुष्कळ कमी आहे, जरी त्याच्या पडद्यावर बारीक आडव्या रेषा दिसतात अशी तक्रार आहे आणि लक्ष देऊन पाहिले तर त्या मलाही दिसतात.

खरेदीचा माझा अनुभव संमिश्र आहे. यंत्र आणि पहिली चकती मी बेळगावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. दुकानदाराने यंत्र चालू करून दाखवले, मी खूश होऊन पैसे दिले, आणि खानापूरच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आले की काठी सोडल्यावरही सैनिक आपोआप डावीकडे सरकत राहतो. झिजलेल्या काठीचे हे लक्षण आहे, आणि ज्या खेळात एकाच काठीवर सगळा भार आहे त्यात तो दोष सहन होण्यासारखा नाही. सुटा भाग मागवून ती बदलून घ्यावी लागली. म्हणून घेणाऱ्याने दुकानातच एखादा खेळ चालू करून, काठीवरून बोट काढून, सैनिक जागेवर स्थिर राहतो का ते पाहावे. मागचे झाकण उघडून बॅटरी फुगलेली नाही ना हे तपासावे. झाकण वर आलेले किंवा घट्ट बसत नसेल तर ती बॅटरी मुळीच वापरू नये. खेळाची यूएमडी चकती प्लॅस्टिकच्या कवचात असते आणि जुनेपणाने त्या कवचाचे दोन अर्ध सुटतात, तेव्हा कडेने बोट फिरवून पाहावे. प्रगती साठवण्यासाठी मेमरी स्टिक प्रो डुओ लागते, ती सोबत मिळते का हेही विचारावे. एक गोष्ट दिलाशाची आहे: पीएसपीच्या खेळांना प्रदेशाचे बंधन नाही, त्यामुळे चकती कोणत्याही देशातून आलेली असली तरी आपल्या यंत्रावर चालते. माझी दुसरी चकती परदेशातून परतलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आणून दिली आणि ती पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालली.

फोनवर पीएसपीचे अनुकरण करणारी अॅप्स आहेत आणि त्यांवर हा खेळ चालतो असे सांगून भाच्याच्या मित्रांनी आम्हाला वेड्यात काढले होते. मी एकाच्या फोनवर खेळून पाहिले. चित्र अधिक रेखीव दिसते, यात शंका नाही. परंतु काचेवरच्या बटणांनी नेम धरणे, सरकणे आणि कॅमेरा फिरवणे ही तिन्ही कामे एकदम करताना बोटे वारंवार घसरतात, आणि अंगठ्यांनी निम्मा पडदा झाकला जातो तो वेगळाच. वेगळा कंट्रोलर जोडणार असाल तरच तो मार्ग धरावा.

रेनेगेड स्क्वाड्रन आणि एलिट स्क्वाड्रन यांपैकी एकच घ्यायचा असेल तर कोणता, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. जमिनीवरच्या लढाईचा हातखंडा रेनेगेडमध्ये अधिक जमलेला आहे, त्याची कथाही मला अधिक आवडली, आणि एकट्याने खेळणाऱ्याला मी तोच सुचवीन. पण त्यात जमीन आणि अवकाश हे वेगवेगळे डाव आहेत. ज्याच्याकडे दुसरा खेळाडू आणि दुसरे यंत्र आहे त्याने निःशंकपणे एलिट घ्यावा, कथा नंतरसाठी राखून ठेवावी, आणि पहिल्याच दिवशी इन्स्टंट अॅक्शनमध्ये जाऊन आपल्यातल्या एकाने जमीन आणि एकाने आकाश असे वाटून घ्यावे.

या जूनपासून भाचा शिक्षणासाठी धारवाडला गेला आहे आणि एक पीएसपी त्याच्या पिशवीतून गेला. आठवडाभर मी संगणकाच्या सैनिकांबरोबर खेळतो. खाली तोफ घेतो, यानापर्यंत धावतो, वर जातो, आणि वर गेल्यावर खालची ठाणी एकेक करून जाताना पडद्याच्या कोपऱ्यात पाहतो. रविवारी सकाळच्या गाडीने तो येतो. दोन्ही बॅटऱ्या माझ्याकडेच असतात, कारण तिकडे त्याला खेळायला सवड नसते, आणि त्या मी शनिवारी रात्री, लाईट असेपर्यंत, भरून ठेवतो.